जाळीखालचे जेवण

साथीच्या पहिल्या वर्षी आमच्या घरात प्रकृती तपासण्याची जी काही यंत्रे होती, त्या सर्वांचे एका गोष्टीवर एकमत होते: घरातील सर्वांत निरोगी माणूस म्हणजे माझे वडील. आणि त्या वर्षी आम्हां नवराबायकोला सर्वांत अधिक चिंता होती ती त्यांचीच.

आमचे घर काशीत, दूधविनायकाच्या गल्लीत आहे. तीन मजली, अरुंद, आणि इथल्या बहुतेक जुन्या घरांप्रमाणे मधोमध चौक असलेले. वरच्या प्रत्येक मजल्यावर चौकाच्या डोक्यावर लोखंडी जाळी बसवलेली आहे, म्हणजे छतावरचा उजेड गाळत गाळत तळापर्यंत उतरतो. उजेडाबरोबर आवाजही उतरतो आणि चढतो. वर कोणी कुजबुजले तर खाली चहा गाळणाऱ्याला ते ऐकू येते. त्यामुळे आमच्या घरात भांडणेही जपून करावी लागतात. वडील तळमजल्यावर राहतात. स्वयंपाकघर आणि देवघर तिथेच. आम्ही दोघे दुसऱ्या मजल्यावर. मुले नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात.

वडील पाठशाळेतून निवृत्त झालेले संस्कृतचे अध्यापक. वय ऐंशीच्या पुढे. मी बँकेत अधिकारी; पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, आणि रक्तातील साखरेच्या बाबतीत, डॉक्टरांच्या शब्दांत सांगायचे तर, ‘दारात उभा’. टाळेबंदी लागली तेव्हा मी मनाशी ठरवले की ही आपत्ती नव्हे, संधी आहे. सकाळची कचौडी-जिलेबी दुकानेच बंद असल्यामुळे सुटली होती आणि त्या त्यागाचे श्रेय मी स्वतःकडे घेतले होते. बोटाला लावायचे प्राणवायू मोजणारे यंत्र आणले, रक्तदाबाचे आणले, तापमापक तर दोन आणले. आले, मिरे, दालचिनी आणि गुळवेल उकळून काढा सुरू केला. त्या काढ्याने विषाणूंचे काय झाले ते ठाऊक नाही. आमच्या तोंडांत मात्र फोड आले. पत्नी म्हणाली, “अहो, विषाणू घशात शिरतो म्हणतात. तुम्ही घसाच शिल्लक ठेवणार नाही का?”

व्यायामही आरंभला होता. छतावर सतरंजी टाकून, फोन विटेला टेकवून, त्यातील शिक्षक सांगेल तसे हातपाय हलवायचे. शेजारच्या छतावर साठी उलटलेले एक पहिलवान रोज पहाटे जोडी फिरवतात. दोन्ही हातांत दोन मुद्गर, पण चेहरा पंख्याने वारा घेत असल्यासारखा निवांत. पहिले काही दिवस त्यांनी सौजन्य म्हणून माझ्याकडे न पाहिल्यासारखे केले. मग एकदा राहवेना.

“का गुरू, ई कसरत हौ कि मक्खी उड़ावत हउआ?”

माश्या हाकलतो आहेस की व्यायाम करतो आहेस, असा तो प्रश्न होता. मी हसून नमस्कार केला. मी मूळचा हळू बोलणारा माणूस. वाद घालणे मला जमत नाही. पण हळू आवाजातही माणूस किती हटवादी होऊ शकतो, हे मला त्या वर्षी स्वतःकडे पाहून कळले.

वडिलांचा एक नेम होता. गंगास्नान झाल्याशिवाय अन्न घ्यायचे नाही. अन्न म्हणजे धान्य. भात, पोळी, डाळ. दूध, फळे, मखाणे, शिंगाड्याच्या पिठाचे काही, एवढे चालत असे. हा नेम त्यांनी तरुणपणी घेतला आणि त्यात पहिल्या दिवसापासून एकच सवलत ठेवली होती: आजारी असेन तर घरी स्नान करून जेवीन. एरवी थंडी असो की पूर, पहाटे उठून जवळचे घाट सोडून ते भोसले घाटावर जात. तिथल्या पायऱ्या आपल्या गुडघ्यांच्या मापाने बांधल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. जाणे-येणे, पायऱ्या उतरणे-चढणे, पाण्यात उभे राहणे हाच त्यांचा व्यायाम. परतून आले की ते दोन पोळ्या, भात, आमटी असे चारीठाव जेवत, आणि त्यांच्या जेवणाकडे पाहून मला माझ्या वयाची लाज वाटे.

घाट बंद झाले तेव्हा मी त्यांना समजावायला गेलो.

“किती दिवस?” त्यांनी विचारले.

“सरकार सांगेल तोवर.”

“ठीक आहे.”

इतक्या सहज मान्य झाले म्हणून मी समाधानाने वर आलो. दुपारी पत्नीने वाढलेले ताट जसेच्या तसे परत आले. “अन्न नको, सूनबाई,” ते म्हणाले, “वाटीभर दूध दे.”

पहिले काही दिवस आम्ही युक्त्या केल्या. पहिलवान अंधार असतानाच कसे कोण जाणे घाटापर्यंत जाऊन कळशीभर गंगा घेऊन आले. वडिलांनी त्यांना आशीर्वाद दिला, त्या पाण्याने आंघोळ केली, पूजा केली आणि पुन्हा दूधच घेतले.

“बाबा, गंगेचंच पाणी होतं ना?” मी म्हणालो.

“होतं. म्हणून स्नान उत्तम झालं. पण गंगास्नान नाही झालं. तिच्याकडे आपण जायचं असतं. तिला कळशीतून बोलावणं म्हणजे राणीला टपालानं मागवण्यासारखं आहे.”

पुण्याच्या बहिणीला फोनवर हे सांगितले, तर ती आधी हसली आणि मग रडली. तिच्या देवघरात वडिलांनीच दिलेला गंगेचा सीलबंद गडू आहे. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत असतो. आमच्या घरी मात्र गंगा उशाशी, म्हणून थेंबभरही साठवलेली नव्हती. “माझा गडू पाठवू का?” तिने विचारले. पुण्याहून काशीला गंगा पाठवण्याचा तो विचार ऐकून वडील मनापासून हसले, पण नेमाला धक्का लागू दिला नाही.

गंमत अशी की त्याच दिवसांत नागपूर, इंदूर, सातारा, कुठून कुठून त्यांच्या ओळखीच्या लोकांचे फोन येत. प्रत्येकाला धर्मशंका. एकदा मी दारात उभा असताना ते कोणाला तरी सांगत होते, “आपद्धर्म आहे. घरी स्नान करा, गंगेचं स्मरण करा आणि पोटभर जेवा. उपाशी राहून पुण्य लागत नाही.”

फोन ठेवताच मी म्हणालो, “मग तुम्ही?”

“त्यांनी विचारलं, मी शास्त्र सांगितलं. मी कुणाला विचारलेलं नाही.”

आता उरली होती ती आजारपणाची सवलत. जगातील सगळी माणसे त्या काळात आपण आजारी नाही हे सिद्ध करण्यासाठी धडपडत होती. आम्ही आमच्या वडिलांना आजारी ठरवण्याच्या मागे लागलो. रोज सकाळी मी यंत्रांचा संच घेऊन खाली उतरे. प्राणवायूचा असा आकडा माझ्या बोटावर कधीच उमटला नव्हता. रक्तदाब पाठ्यपुस्तकातल्यासारखा. ताप नाही, खोकला नाही. प्रत्येक यंत्र काढून ठेवताना ते मला आपुलकीने विचारत, “आणि तुझं किती आलं?” माझा प्राणवायू नेहमी कमी आणि रक्तदाब नेहमी अधिक असे.

“बाबा, आजारी आहोत असं नुसतं समजा.”

“तू व्यायाम करतोयस असं समजतोस ना, तसं?”

चौकातून हसण्याचा आवाज आला. पत्नी तांदूळ निवडत होती.

हसण्यावारी नेण्याजोगे ते फार दिवस राहिले नाही. वैशाख संपेपर्यंत वडिलांचे सदरे खांद्यावरून ओघळू लागले. दूध एक वाटी, मखाणे चार. भूकच मेली होती. एकदा छतावर जाऊन येतो म्हणून निघाले आणि अर्ध्या जिन्यात बसले. मी धावत गेलो. भिंतीकडे बोट दाखवून ते म्हणाले, “इथलं प्लास्टर गेलंय, बघ.” प्लास्टर खरोखरच गेले होते. पण ते पाहण्यासाठी बसावे लागत नव्हते.

डॉक्टरांना फोन केला. ते इथलेच, स्पष्ट बोलणारे. “इस उम्र में दाल-चावल बंद? मांस गल जाएगा। बाबूजी एक बार बैठ गए तो फिर उठेंगे नहीं, समझ लीजिए।” फोन स्पीकरवर होता. पत्नीनेही ते ऐकले. त्या दिवसापासून घरात एकच प्रश्न होता: वडील पायांवर उभे राहतील की नाही.

ज्येष्ठात बंदी सैल झाली. एका पहाटे वडील पंचा खांद्यावर टाकून दारापाशी उभे राहिले. मी आडवा आलो. गर्दी होईल, वृद्धांना मनाई आहे, तुम्हांला काही झाले तर रुग्णालयात जागा मिळणार नाही, हे सर्व मी अत्यंत मृदू स्वरात सांगितले. ते परत फिरले आणि पंचा खुंटीला अडकवला. संध्याकाळी पत्नी म्हणाली, “घाट उघडलाय. आता दार तुम्ही लावलंय.”

मी घाबरलो होतो हे खरे आणि माझी भीती रास्त होती हेही खरे. पण वडिलांना आजारापासून वाचवताना मी त्यांना कशापासून तोडतो आहे, याचा हिशेब माझ्या कोणत्याच यंत्रात येत नव्हता. मी तो प्रश्न मनात घोळवत राहिलो. तेवढ्यात श्रावण आला, पाणी चढले, घाटाच्या पायऱ्या बुडाल्या आणि निर्णय माझ्या हातून सुटला. त्यात मला सुटल्यासारखे वाटले, याची खंत आजही आहे.

भाद्रपदात मला ताप आला. दुसऱ्या दिवशी पत्नीला. तपासणीची माणसे अंगभर पांढरे कपडे घालून आली. तिघांच्याही नाकांत काड्या घातल्या. आम्ही दोघे बाधित निघालो. वडील निघाले नाहीत. हे लिहिताना संकोच वाटतो, पण निकालाची वाट पाहताना माझ्या मनात क्षणभर असे येऊन गेले होते की त्यांनाही सौम्यसे काही निघाले तर निदान सवलत तरी लागू होईल, भात तरी खातील. विचार आला तसा मी घाबरून देवाची क्षमा मागितली.

“पाहिलंस?” वडील चौकातून वर पाहत म्हणाले. “ठणठणीत.”

आमचा आजार मामुली होता. ताप, अंगदुखी, थकवा. त्याचे अधिक वर्णन करण्यासारखे काही नाही. प्रश्न होता तो जेवणाचा. गल्लीतल्या कोणाला घरात घेता येत नव्हते.

“तुम्ही दोघं वर राहा,” वडील म्हणाले. “पहिलवान सब्जी दाराशी ठेवून जातील. स्वयंपाक मी करीन.”

“तुम्ही?”

“पाठशाळेत विद्यार्थी असताना काय आम्हांला तुझी बायको रांधून घालत होती?”

आमच्या मजल्यांवरील जाळ्यांना कोपऱ्यात एकेक झडप आहे. पूर्वी धान्याची पोती दोरीने ओढून त्यातून वर घेत. वडिलांनी जिना चढून पहिल्या मजल्यावरची झडप उघडून ठेवली. त्यांना किती वेळ लागला ते आम्ही वरून ऐकत होतो. चार पायऱ्या, थांबणे. पुन्हा चार, थांबणे. पत्नीने डोळे मिटून घेतले होते. झडपेचा करकर आवाज आला तेव्हा तिने ते उघडले.

मग मी दुसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली सोडली. वडिलांनी त्यात डबा ठेवला आणि मी तो ओढून घेतला. मऊ भात, मुगाचे वरण, लिंबाची फोड. आम्ही जेवायला बसलो. मी पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि पत्नीकडे पाहिले. तीही माझ्याकडेच पाहत होती.

खालून आवाज आला, “मीठ कसं आहे?”

“कळत नाही, बाबा. चव गेलीय.”

“सूनबाई, तुला?”

“मला वाससुद्धा येत नाही, मामंजी. कापूस चावतेय असं वाटतंय.”

“मग मला कसं कळणार?”

‘राहू द्या, चालेल’ असे मी म्हणणार होतो. सगळ्यांची गैरसोय टाळायची आणि प्रश्न तसाच राहू द्यायचा, ही माझी जुनी रीत. शब्द ओठांवर आले होते. पत्नीने माझ्या मनगटावर बोट ठेवले आणि जाळीकडे तोंड करून म्हणाली, “यांचा रक्तदाब आहे ना वाढलेला. मीठ जास्त पडलं असलं तर आम्हांला समजायचंही नाही. घरात तुमचीच काय ती जीभ जागेवर आहे.”

मी जाळीवर वाकून पाहिले. वरून वडिलांचे फक्त टक्कल आणि हातातील पळी दिसत होती. नैवेद्य आधीच दाखवून झाला होता. त्या बाजूने अडचण नव्हती. पळी हलली. मग भांड्याचा बारीक आवाज.

“कमी आहे,” ते म्हणाले. “दोरी सोड.”

टोपलीतून कागदाच्या पुडीत मीठ वर आले. आम्ही ते भातावर घातले आणि तो भात कापसासारखाच लागत असतानाही अगदी तळापर्यंत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी टोपली चढवताना त्यांनी आपण होऊन खुलासा केला. “रोग्याचं पथ्य चाखून बघणं म्हणजे औषध तपासणं. औषधाला नेम लागत नाही.” आम्ही दोघांनीही फार गंभीरपणे होकार दिला.

त्यानंतर जे घडले ते कोणत्याही आहारतज्ज्ञाला जमले नसते. प्रथम पळीभर चाखणे होते. मग वडिलांच्या लक्षात आले की आम्हांला मिठाचे प्रमाण सांगणे पुरेसे नाही. आम्ही काय खातो आहोत हेही सांगायला हवे. अर्धे आयुष्य शिकवण्यात गेलेला माणूस तो. जाळीखाली पाट मांडून ते बसू लागले आणि आमच्याबरोबर घास घेऊ लागले.

“आज आमटीत चिंच आहे. आंबटपणा पहिल्यांदा जिभेच्या कडेला कळतो. कळला?”

“नाही, बाबा.”

“उद्या कळेल. त्यामागून गूळ येतो, पण तो पुढे पुढे करत नाही. सूनबाई, तुझ्या आमटीत गूळ पुढे पुढे करतो.”

“बरं झालं आजारी पडले,” पत्नी म्हणाली. “नाहीतर हे मला कधी कळलं असतं?”

चार-पाच दिवसांत पळीची वाटी झाली. “नुसत्या घासानं आमटी कळत नाही,” ते म्हणाले. “भाताबरोबर कशी लागते ते पाहिलं पाहिजे.” भाताबरोबर पाहिल्यावर असे निष्पन्न झाले की तुपाशिवाय ती अर्धीच कळते. तूप आले. मग पोळी आली, कारण तोंडलीची भाजी भाताशी जुळते की नाही याविषयी त्यांना शंका होती. मी जाळीतून खाली पाहत असे. टकलाभोवतीचे पांढरे केस, पुढे ताट, आणि ताटात रोज थोडे अधिक काही. वरून पाहताना माणसाचा चेहरा दिसत नाही, पण जेवणारा हात फार स्पष्ट दिसतो. तो हात आता घाई करू लागला होता.

व्यायामही आपोआप होत होता. सब्जी दारातून आणायची, पाणी भरायचे, चुलीपाशी उठबस, झडपेत दोरी अडकली की जिना चढून यायचे. मी पावले ऐकत असे. मधले थांबणे कमी होत गेले. एकदा पहिलवान छतावरून ओरडले, “पंडितजी का आवाज आज छत तक आवत हौ!” पंडितजींनी खालून त्यांना कारल्याची भाजी कशी करावी ते सांगितले. मी यंत्रांना त्या दिवसांत हात लावला नाही. माझ्या छतावरच्या सतरंजीवर कबुतरे बसत होती आणि कोणाचेही काही अडत नव्हते.

मग एका दुपारी, कुळथाचे पिठले होते, मी घास घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेले, “खारट!”

खाली हात थांबला.

“काय म्हणालास?”

“थोडं… खारट आहे, बाबा.”

“म्हणजे तुला कळलं.”

“हो.”

“बरा झालास,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला आनंद इतका उघडा होता की माझे डोळे भरून आले. पण लगेच मागोमाग फरशीवर ताट सरकवल्याचा आवाज आला. “चला. माझं काम झालं. उद्यापासून चव तुझी तूच बघ. माझ्यापुरतं दूध आहे.”

खरे बोलण्याचा मला लहानपणापासून सोस आहे, आणि त्याचा थोडा अभिमानही. त्या क्षणी मात्र ती जीभ आणखी पंधरवडाभर मेलेली राहिली असती तर किती बरे झाले असते, असे वाटले. मी जाळीपाशी उकिडवा बसलो.

पत्नीने आपले ताट खाली ठेवले, पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, “यांचं झालं असेल, मामंजी. मला अजून काही लागत नाही.”

“अजिबात नाही?”

“मिठाचं सोडा, हे कुळथाचं आहे की बेसनाचं तेही समजत नाहीये.”

“अरेरे.”

“आणि यांच्या जिभेवर भरवसा ठेवू नका हं. लग्न झाल्यापासून यांना सगळं खारटच लागतंय.”

खालून प्रथम खाकरण्याचा आणि मग हसण्याचा आवाज आला. ते खूप वेळ हसत होते. मग ताट पुन्हा ओढल्याचे ऐकू आले. “किंचित खारट आहेच,” ते म्हणाले. “पण भाताशी चालेल. तू भाताशी खा, सूनबाई.”

आमचे वेगळे राहणे संपले, आम्ही खाली उतरलो, स्वयंपाकघर पुन्हा पत्नीच्या हाती गेले. तिची चव मात्र परतली नव्हती. ती चुलीपाशी, वडील तिच्या समोर पाटावर, आणि दोघांमध्ये रोज आमटीची वाटी. “यात काय कमी आहे, मामंजी?” “जिरं. आणि दुसरा घास दिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही.” तिची जीभ किती दिवस रुसलेली होती, हे मी तिला आजपर्यंत विचारलेले नाही. एकदा आवळ्याचा मुरंबा बरणीत भरताना तिने बोट चाटले आणि डोळे मिटले. मी दुसरीकडे पाहिले.

वडिलांनीही विचारले नाही. ते शास्त्री आहेत. कोणत्या युक्तिवादात कुठे भोक आहे, हे त्यांना आमच्याहून आधी कळते. पण हे असे कायम चालणार नव्हते, हे तिघांनाही माहीत होते. ती दोघे एकमेकांसाठी एवढे करीत होती आणि मी, ज्याने दार लावले होते, नुसता बाजूला उभा होतो. पाणी उतरले होते. कार्तिक तोंडावर आला होता. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, भल्या पहाटे, तोंडाला पट्टी, गर्दीपासून दूर, आणि हात धरून. मी खाली गेलो.

“बाबा, उद्या जायचं का?”

“कुठे?”

“भोसले घाटावर.”

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. “नुकताच आजारातून उठलायस. झेपेल तुला?”

पहाटे गल्ल्या रिकाम्या होत्या. वडील काठी टेकत चालले. घाटावर पुराने आणलेला गाळ खालच्या पायऱ्यांवर अजून तसाच होता. महापालिकेची माणसे तो नळीने धुऊन काढायच्या कामात होती. घाटावरच्या भोसल्यांच्या वाड्याची दगडी भिंत अंधारातून हळूहळू वेगळी होत होती. मी त्यांचा दंड धरला. पहिल्या काही पायऱ्या त्यांनी माझ्या हातावर भार टाकला. पुढे तो कमी कमी होत गेला आणि एका पायरीवर माझ्या लक्षात आले की मी नुसता दंड धरला आहे, भार त्यांचे पायच पेलत आहेत. गाळाच्या अलीकडे त्यांनी माझा हात सोडवला, काठी माझ्याकडे दिली, कोरडी वाट निवडली आणि पाण्यात उतरले.

मी पंचा घेऊन उभा राहिलो. ते कमरेइतक्या पाण्यात थांबले. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. पाठ अजून रोडच होती, बरगड्या मोजता येत होत्या, पण ती सरळ होती. त्यांनी बुडी मारली, वर आले, पुन्हा मारली.

“तू येतोस?” त्यांनी विचारले.

पाणी गार होते. मी कचरलो.

“राहू दे,” ते म्हणाले. “तू आजारी होतास. तुला सवलत आहे.”

बाहेर येऊन अंग पुसताना त्यांचे दात वाजत होते. मी घाईने धाबळी त्यांच्या खांद्यांवर टाकली आणि ऊन येईपर्यंत पायरीवर जरा बसायला सांगितले. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. ओला पंचा पिळला, माझ्या हातात दिला, आपली काठी मागून घेतली आणि वरच्या पायऱ्यांकडे पाहिले.

“बसायचं काय? चल लवकर. भूक लागलीय.”

आणि ते चढू लागले. मी मागून निघालो. मध्यावर मला दम लागला आणि मी कठड्याला हात टेकून थांबलो. ते थांबले नाहीत.